शाळेच्या वार्षिक अहवालाविषयी



पुण्यातल्या माध्यमिक शाळांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मनापासून आभार. संयोजकांनी निमंत्रणाबरोबर तुमच्यापैकी अनेकांच्या शाळांचे वार्षिक अहवाल पाठवले होते. ते मी ओळ न् ओळ वाचले. आज मला त्या अहवालांविषयीच बोलायचे आहे.

स्नेहसंमेलनात अहवालवाचन सुरू झाले की पालक घड्याळाकडे पाहू लागतात, मुले नाचाचे कपडे सावरत पडद्यामागे जातात. तरीही मी अहवालाला शाळेतला फार मोठा दस्तऐवज मानतो. वर्ष संपते, तुकडी पुढे जाते, शिक्षकांची बदली होते. मागे उरतो तो कागद. पन्नास वर्षांनी कोणाला या शाळेत काय घडत होते हे पाहायचे असेल तर त्याच्या हाती हाच कागद येणार आहे.

तुमच्या अहवालांत काय नाही? ज्येष्ठात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या शहरात मुक्कामाला येतात तेव्हा बाके हलवून वारकऱ्यांसाठी मोकळे केलेले वर्ग आहेत. गणेशोत्सवातले ढोल आणि लेझीम आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचे निकाल आहेत, गणित प्रावीण्य परीक्षा आहे, स्काऊट-गाईडची शिबिरे आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बीण केंद्राला नेलेली उपकरणे आहेत, आयुका या खगोलशास्त्र संस्थेत दुसऱ्या शनिवारी ऐकलेली व्याख्याने आहेत. हे सगळे अपुऱ्या शिक्षकांवर, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे सांभाळून केलेले आहे. हे वाचताना मला अभिमान वाटला आणि तो मी मोकळेपणाने बोलून दाखवतो.

मात्र जवळजवळ प्रत्येक अहवालात मुले येतात ती नाव, क्रमांक आणि टक्केवारी घेऊन. कोणी काय मिळवले ते कळते. ते कसे मिळवले आणि त्या मुलाला त्यातून काय उमगले, हे कळत नाही.

आपल्याच शहरातले उदाहरण घेऊ. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता साळवे या पुण्यातल्या मुलीचा निबंध छापून आला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध आहे. ज्यांना वेदांचा अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या मुलीने विचारला. आपल्या समाजातल्या स्त्रियांना बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसते, हे तिने लिहिले. आणि शेवटी आपल्या लोकांना अभ्यास करण्याचे आवाहन केले. त्या काळी फुल्यांच्या शाळांच्या जाहीर परीक्षा होत, त्या पाहायला लोक जमत. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या हस्ते जोतीरावांचा सत्कार झाला. त्या परीक्षांत मुक्ताला किती गुण पडले, तिचा कितवा क्रमांक आला, हे आज आपल्यापैकी कोणालाही सांगता येणार नाही. ती आपल्याला ठाऊक आहे, कारण तिचे शब्द कोणीतरी छापले. तिच्याविषयी ‘निबंधलेखनात उल्लेखनीय यश’ एवढीच ओळ उरली असती, तर मराठीतले दलित स्त्रीचे इतके जुने लेखन आपल्या हाताला लागलेच नसते. फुल्यांची मुलींची पहिली शाळा जिथे भरली त्या भिडेवाड्याची मोडकळीला आलेली वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये उतरवण्यात आली, तिथे स्मारक होईल. मुक्ताचा निबंध मात्र भिंतींवाचूनही टिकला आहे.

आपल्या शहराने चांगल्या शाळा पुष्कळ पाहिल्या. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले, पुढे आगरकर येऊन मिळाले. दोनच वर्षांत शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर ती शाळा पाहून गेले आणि त्यांनी तिची तोंडभरून स्तुती केली. मला त्या स्तुतीहून मोठी वाटते ती वामन शिवराम आपटे यांची गोष्ट. या शाळेत शिकवणाऱ्या आपट्यांचे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले संस्कृत रचनेचे पुस्तक १८८१ मध्ये निघाले आणि १८९० मध्ये त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश. दोन्ही अजून वापरात आहेत. मुलांना वाक्य जमत नाही हे वर्गात दिसल्यावाचून असे पुस्तक कोणाला सुचत नाही.

हुजूरपागा शाळेचेही तसेच. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी मुलींचे हायस्कूल काढले, तेव्हा विरोध झाला आणि तो वजनदार माणसांकडून झाला. त्या शाळेच्या वसतिगृहात लांब ब्रह्मदेशातून आलेली एक लहान मुलगी राहिली. तिथे तिची शकुंतला परांजपे या मुलीशी मैत्री झाली, त्या मैत्रीतून शकुंतलेचे वडील रँग्लर परांजपे यांचे घर तिला मिळाले, आणि ती मुलगी पुढे मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे झाली. वसतिगृहातल्या खोल्या आणि शेजारी बसणारी मैत्रीण यांचा उल्लेख कोणता अहवाल करतो? पण शाळेने त्या मुलीला दिले ते हेच.

आता आजच्याकडे येतो. आठवीत होणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला आपण सगळे एनएमएमएस म्हणतो, तिचा निकाल बहुतेक अहवालांत एका ओळीत उरकलेला दिसला. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत आहे, त्याच कुटुंबातल्या मुलांसाठी ती असते आणि त्यांना शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकावे लागते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होतात. चार वर्षांचे ४८,००० होतात. धुणीभांडी करणाऱ्या आईच्या घरात किंवा मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या बापाच्या घरात या रकमेचा अर्थ काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. नववीत शाळा सोडायला निघालेली मुलगी या पैशाने थांबते. शाळेच्या फाटकावर दहावीतल्या नव्वद टक्क्यांच्या पुढच्या मुलांचा फलक लागतो. त्यातल्या काही मुलांचे तेच छायाचित्र पलीकडच्या चौकात खाजगी क्लासच्या फलकावरही असते. एनएमएमएसच्या मुलाला मात्र कोणताही क्लास आपला म्हणत नाही. तो पूर्णपणे शाळेने घडवलेला असतो. सुट्टीच्या दिवशी बौद्धिक क्षमता चाचणीचा सराव घेणारी बाई आणि उत्पन्नाचा दाखला मिळावा म्हणून पालकाबरोबर तहसील कार्यालयात जाऊन बसणारे सर शाळेचे असतात. त्यांच्यासाठी अहवालात एक परिच्छेद नको?

रात्रशाळांविषयी मी जरा थांबून बोलणार आहे. दिवसा दुकानात, गॅरेजमध्ये, हॉटेलात, घरकामाला राबणारी माणसे संध्याकाळी वर्गात येतात. एकाच बाकावर सोळा वर्षांचा पोऱ्या आणि त्याच्या आईच्या वयाची बाई बसते. ती दमलेली असतात, उशिरा येतात, हंगामात महिनाभर दिसत नाहीत. अशा शाळेचा दहावीचा निकाल दिवसाच्या शाळेच्या निकालाशेजारी ठेवून टक्के मोजणे हा अन्याय आहे. पंचेचाळीस टक्क्यांनी उत्तीर्ण झालेल्या, दोन मुलांची आई असलेल्या विद्यार्थिनीचे यश माझ्या लेखी कोणत्याही शंभर टक्क्यांहून कमी नाही. हे मी सौजन्य म्हणून बोलत नाही. माझ्या उभ्या नोकरीत शिक्षणाची इतकी तहान मी दुसऱ्या कोणत्या वर्गात पाहिली नाही.

आणखी एक प्रसंग सांगतो. आमच्या शाळेत आठवीच्या मुलांनी २१ मार्चच्या सुमारास सावली मोजण्याचा उपक्रम केला. एक मीटरची काठी सपाट अंगणात उभी करायची आणि पुण्यात सूर्य डोईवर सर्वांत उंच असतो तेव्हा, म्हणजे त्या दिवसांत पाऊण वाजण्याच्या सुमारास, सावलीची लांबी घ्यायची. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून सावली सुमारे ३३ सेंटिमीटर यायला हवी. एका गटाची बरोबर आली. दुसऱ्या गटाची ३६ आली. त्या हिशेबाने पुणे उचलून जवळजवळ नाशकाच्या अक्षांशावर न्यावे लागले असते. शेजारच्या गटाचा आकडा त्यांना दिसत होता, तो उतरवून घेणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीने दोऱ्याला दगड बांधून ओळंबा आणला, तिचे वडील गवंडीकाम करत. काठी वरच्या टोकाला अडीचएक सेंटिमीटर उत्तरेकडे झुकली होती. ती सरळ केली, पुन्हा मोजले, आकडा जुळला. वर्गशिक्षिकेने अहवालासाठी जे टिपण दिले, त्यात तिने ३६ चा आकडा आणि ओळंबा दोन्ही लिहिले. माझ्या संग्रही असलेल्या शालेय कागदांत ते टिपण मी सर्वांत वर ठेवले आहे. ज्या गटाचे उत्तर पहिल्यांदाच बरोबर आले त्याने कमी कष्ट घेतले असे मी म्हणत नाही, पण विज्ञान शिकला तो दुसरा गट.

२०२१ साल आठवा. करोनामुळे दहावीची परीक्षा झालीच नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला आणि तो ९९.९५ टक्के होता. निकाल म्हणून इतका मोठा आकडा आपण कधी पाहिला नव्हता आणि इतका कमी बोलणाराही. त्या वर्षी शाळांनी काय केले ते खरे जाणायचे असेल तर कोणत्या शिक्षकाने घरोघर पुस्तके पोचवली, एका फोनवर तीन भावंडांचे वर्ग कसे चालले, कोणते मूल नंतर शाळेत परतलेच नाही, हे लिहिलेले सापडायला हवे. किती शाळांनी ते लिहून ठेवले? ज्यांनी लिहिले नसेल त्यांना अजून वेळ गेलेली नाही. ते शिक्षक सेवेत आहेत, ती मुले आता तरुण झाली आहेत, विचारले तर सांगतील.

स्पर्धांवर माझा राग नाही. करंडक घेऊन बसमधून घोषणा देत परतणाऱ्या मुलांचा आनंद मी पाहिला आहे, तो खरा असतो. मुख्याध्यापकांवर संस्थेचे, पालकांचे, शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेचे दडपण असते. मराठी शाळेची पटसंख्या टिकवायची तर यश दाखवावे लागते, हेही मला कळते. पण पालकाला फक्त टक्केच कळतात असे आपण धरून चालतो, ते मला पटत नाही. ओळंब्याची गोष्ट मी एका पालकसभेत सांगितली होती. सभा संपल्यावर बाप मंडळी त्याच मुलीविषयी विचारत होती.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. येत्या स्नेहसंमेलनाचा अहवाल मुख्याध्यापकांनी एकट्याने बसून लिहू नये. त्याचा निम्मा भाग नववीच्या मुलामुलींकडे सोपवावा; त्यांनी शिपाईमामांना, ग्रंथपालांना, वर्गांना विचारून तो लिहावा आणि व्यासपीठावरून स्वतः वाचावा. व्याकरणाच्या चुका आपण दुरुस्त कराव्यात, मजकूर त्यांचा राहू द्यावा. उत्तम निबंध, प्रयोगाच्या वह्यांतली पाने, भित्तिपत्रकांवरचे लेख यांतले निवडक काही दरवर्षी पूर्ण छापावे, विद्यार्थ्याच्या आणि पालकांच्या संमतीने. एनएमएमएसच्या मुलांचा आणि त्यांना शिकवणाऱ्यांचा सत्कार दहावीच्या गुणवंतांच्याच कार्यक्रमात, त्याच रांगेत व्हावा. जवळच्या रात्रशाळेच्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांनाही त्या दिवशी बोलवावे. आणि कपाटे रिकामी करताना जुनी हस्तलिखिते रद्दीत घालू नका. पुण्यातल्या कितीतरी शाळांनी शंभरी ओलांडली आहे. त्या शाळांत शिकलेल्या मुलांचे हस्ताक्षर त्या कपाटांत आहे. या कामाला हात लावणाऱ्या कोणत्याही शाळेने मला हाक मारावी, मी येऊन बसेन, वाचेन, लागेल ते लिहून देईन.