प्रोजेक्टर घ्यायचाय? आधी खोलीतला उजेड मोजा

कानात हेडफोन घालून कंपनीच्या बसमध्ये बसला असाल आणि भोसरीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर मोशी येईपर्यंत हा भाग ऐकून होईल. चाकणपर्यंत अडकलात तर दोनदा ऐका.

आजचा विषय आहे पोर्टेबल स्मार्ट प्रोजेक्टर. म्हणजे ते पाण्याच्या बाटलीएवढं मशीन, जे भिंतीवर १०० इंची सिनेमा दाखवतं असं जाहिरातीत दिसतं. घ्यावा का, आणि घेतला तर काय बघून घ्यावा? मी हे कंपनीने पाठवलेलं मशीन वापरून सांगत नाहीये. मी यात पैसे घालवलेत. माझे एकट्याचे नाही, चौघांचे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मेदनकरवाडीत आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. एक लातूरचा, एक बुलढाण्याचा, एक साताऱ्याचा आणि मी. चौघांच्या शिफ्ट वेगवेगळ्या. मी झोपायला आलो की साताऱ्याचा उठून डबा भरायचा. चौघं एकत्र जागे असायचो ते फक्त गुरुवारी. आपल्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, हे इथं राहणाऱ्यांना सांगायला नको. तर ठरलं असं की दर गुरुवारी मिळून सिनेमा बघायचा. टीव्ही का नको? कारण अकरा महिन्यांचा करार संपला की खोली बदलायची, आणि टेम्पोत टीव्ही फुटायची भीती. प्रोजेक्टर बॅगेत बसतो. दिवाळीला गावी पण नेता येतो. विचार चुकीचा नव्हता.

प्रत्येकी १६०० रुपये काढले. ६४०० रुपयांचं मशीन मी शोधलं, मीच ऑर्डर केलं. बॉक्सवर लिहिलेलं, ९००० लुमेन, फोर के सपोर्ट. बुधवारी रात्री बॉक्स आला. खोलीत मी एकटाच. सगळे दिवे बंद करून दहा मिनिटं लावून बघितला, एकदम भारी वाटला. सगळ्यांना मेसेज टाकला, 'पैसे वसूल.'

दुसऱ्याच दिवशी गुरुवार, पण दोघांना ओव्हरटाइम लागला. मग पुढचा गुरुवार. दुपारी दोन वाजता चौघं बसलो, पडदा ओढला, प्रोजेक्टर चालू केला. भिंतीवर काही दिसेना! म्हणजे हलतंय एवढं कळत होतं, पण कोण आहे ते ओळखू येत नव्हतं. तो दिवस होता आठवा आणि परत करायची मुदत सात दिवसांची. कुणी काही बोललं नाही. लातूरवाला घरी पैसे पाठवून उरलेल्यातून देत होता. तोही काही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

मग मी जे घेण्याआधी करायला हवं होतं, ते नंतर केलं. नीट समजून घेतलं. आता तुम्ही आधीच समजून घ्या.

पहिली गोष्ट, लुमेन. लुमेन म्हणजे मशीनमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. पण बॉक्सवरचा नुसता 'लुमेन' हा आकडा कुणी कसाही छापतो. बघायचा तो एएनएसआय लुमेन, दुकानात त्याला अँसी म्हणतात. त्यात पडद्याच्या नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात. फरक किती पडतो? सॅमसंगचा फ्रीस्टाइल घ्या. २०२२ मध्ये आलेलं, नावाजलेलं मशीन. त्याचा आकडा ५५० एलईडी लुमेन असाही सांगतात आणि २३० अँसी लुमेन असाही. मशीन तेच, मोजायची पद्धत वेगळी. आता तुम्हीच विचार करा, नावाजलेल्या मशीनचा अँसी आकडा २३०, आणि माझ्या ६४०० च्या बॉक्सवर ९०००. तिथंच मला शंका यायला हवी होती.

दुसरी गोष्ट, आणि ही आजच्या भागातली सगळ्यात कामाची. तुमच्या फोनमध्ये उजेड मोजायचा सेन्सर असतो. त्याच्यावरच तर स्क्रीन आपोआप कमीजास्त होते. लक्स मीटर नावाची फुकट अॅप्स मिळतात. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती लुमेन पडतात ते. आणि गंमत अशी की ६० इंची चित्राचं क्षेत्रफळ जवळपास बरोब्बर एक चौरस मीटर येतं. म्हणजे रात्री अंधार करायचा, ६० इंची पांढरं चित्र लावायचं, फोनची पाठ भिंतीला टेकवून नऊ ठिकाणी आकडा बघायचा. सरासरी जेवढे लक्स, साधारण तेवढे तुमचे लुमेन. फोनचा सेन्सर लॅबमधला नाही, थोडं इकडंतिकडं होणार. पण एवढी मोठी थाप पकडायला पुरतो.

आमच्या मशीनचा आकडा आला ९०. नऊ हजार नाही, नव्वद.

आता तिसरी गोष्ट. प्रोजेक्टर बंद ठेवून भिंतीवरचा उजेड मोजा. आमच्याकडे दुपारी पडदा ओढल्यावर आला १६० लक्स. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, हे लक्षात घ्या. तो फक्त उजेड टाकतो. चित्रातला काळा म्हणजे तुमच्या भिंतीवर आधीच असलेला उजेड. म्हणजे आमचा काळा १६०, आणि पांढरा १६० अधिक ९०, म्हणजे २५०. पांढरा काळ्याच्या दीडपटच. चेहरे दिसणार कुठून?

मग म्हटलं, महागातला घेतला असता तर? २३० वाला धरा. पांढरा ३९०, काळा १६०. अडीचपटसुद्धा नाही. म्हणजे कितीतरी जास्त पैसे घालूनही दुपारी चित्र फिकटच.

आता उलटं करून बघा. पिंपरी कॅम्पातून ४०० रुपयांचं जाड काळं कापड आणलं. खिडकीला दुहेरी लावलं, दाराखालच्या फटीत चादर कोंबली. भिंतीवरचा उजेड उतरला ६ लक्सवर. मशीन तेच, नव्वदवालं. पांढरा ९६, काळा ६. सोळापट! म्हणजे महागड्या मशीनला जे जमलं नसतं, ते ४०० रुपयांच्या कापडाने केलं.

आपल्याकडे जत्रेत तंबूतले सिनेमे यायचे. त्या टूरिंग टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाचा सुंदर माहितीपट आहे, २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. त्या लोकांचा खेळ अंधार पडल्यावरच सुरू व्हायचा. मशीन कितीही चांगलं असलं तरी आधी अंधार लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. आपण ते बॉक्सवरच्या आकड्यांत विसरलो.

आता बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो.

'फोर के सपोर्ट' म्हणजे मशीन फोर के फाइल घेतं, दाखवतं असं नाही. 'नेटिव्ह रेझोल्यूशन' विचारा. १९२० बाय १०८० असेल तर चांगलं. १२८० बाय ७२० लहान चित्राला चालतं. त्याच्या खाली नको.

मशीन भिंतीसमोर सरळ ठेवा. तिरपं ठेवून 'कीस्टोन'ने चित्र चौकोनी करता येतं, पण ते करताना कडेचे पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं पुसट होतात.

अंतर मोजा. 'थ्रो रेशो' १.२ असेल तर चित्राच्या रुंदीच्या १.२ पट लांब ठेवावं लागतं. ६० इंचीला साधारण १.६ मीटर, १०० इंचीला २.६५ मीटर. दहा बाय दहाच्या खोलीत १०० इंची लावलं तर मशीन जवळपास मागच्या भिंतीपर्यंत जातं. शिवाय १०० इंचीचं क्षेत्रफळ पावणेतीन पट, म्हणजे उजेडही तेवढाच पातळ होणार.

अॅप बघा. सगळ्या 'स्मार्ट' प्रोजेक्टरवर नेटफ्लिक्स चालतंच असं नाही, त्याला अधिकृत मान्यता लागते. फोनची स्क्रीन टाकू म्हणाल तर बऱ्याच ओटीटीवर कॉपी-संरक्षणामुळे आवाज येतो आणि चित्र काळं.

आवाजासाठी वायरचा स्पीकर बरा. ब्लूटूथवर कधीकधी ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतो.

आणि बॅटरी. गुरुवारीच महावितरणची देखभालीची कामं असतात, त्यामुळे सुट्टी आणि लाइट जाणं एकाच दिवशी. बॅटरीवाली मशीन साधारण दोन-अडीच तास चालतात. 'सैराट' १७४ मिनिटांचा आहे. म्हणजे अडीच तासांची बॅटरी शेवटाच्या आधीच संपते. आणि 'सैराट'चा शेवटच चुकला तर बघितला काय?

हे उदाहरण उगाच देत नाहीये. नोव्हेंबरात लातूरवाल्याचा कॉन्ट्रॅक्ट संपत होता. शेवटच्या गुरुवारी ठरलं, 'सैराट' बघायचा, चौघांनी. सकाळी दहाला लाइट गेली. आमच्या मशीनला बॅटरी नव्हती. बुलढाणेवाल्याची थर्ड शिफ्ट, त्याची बस रात्री साडेनऊला. पाचला लाइट आली. काळं कापड आधीच लावून ठेवलेलं. आठ वाजून गेल्यावर सिनेमा संपला. ज्यांनी बघितलाय त्यांना माहितेय, शेवटी आवाज थांबतो. त्या शांततेत आमच्या प्रोजेक्टरचा पंखा घरघर करत होता. हाही एक तोटाच, घेताना पंख्याचा आवाज ऐकून घ्या. पण त्या वेळी कुणी तक्रार केली नाही. दिवा लावायलाही कुणी उठत नव्हतं. मग बुलढाणेवाल्याने डबा भरला आणि तो बसला गेला.

लातूरवाला दुसऱ्या दिवशी निघाला. प्रोजेक्टर कुणाचा, हा प्रश्न होताच. आम्ही तो त्याच्याच बॅगेत घातला. आई-वडिलांना दाखव म्हटलं. काळं कापड पण दिलं. तिकडून फोन आला, 'कापडाची गरजच नाही, इथं रात्री अंधारच अंधार आहे.'

तर निष्कर्ष. बघायची वेळ दुपारची असेल आणि खिडकी झाकता येत नसेल, तर प्रोजेक्टर घेऊ नका, ४३ इंची टीव्ही घ्या. खिडकी झाकणार असाल तरी उन्हाळ्याचा विचार करा. आमचा नोव्हेंबर होता म्हणून निभावलं, मे महिन्यात पत्र्याखाली खिडकी बंद करून बसवणार नाही. रात्री बघणार असाल, सारखी खोली बदलत असाल, तर प्रोजेक्टर जरूर घ्या. ६० इंचीला निदान २०० अँसी लुमेन, ८० इंचीला ४०० च्या आसपास बघा. आणि आला की त्याच दिवशी, ज्या वेळी बघणार त्याच वेळी लावून बघा. परत करायची मुदत तुमच्या सुट्टीसाठी थांबत नाही.

आज रात्री एक काम करा. अॅप टाका, भिंतीवर फोन धरा, आकडा बघा. आणि तुमच्या खोलीत कुणी प्रोजेक्टरसाठी वर्गणी काढत असेल, तर हा भाग त्याला आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!