न तपासलेली गोळी

औषध कारखान्यात अभियंता आहे म्हटलं, की लोक विचारतात, "म्हणजे तुम्ही नवी औषधं शोधता का?" नाही. औषध शोधणारे शास्त्रज्ञ वेगळे आणि किती घ्यायचं ते सांगणारे डॉक्टर वेगळे. प्रयोगशाळेत चमचाभर तयार झालेलं औषध कारखान्यात शेकडो किलोंनी करायचं आणि प्रत्येक गोळीत सारखं उतरवायचं, हे आमचं काम.

थायरॉइडची गोळी घ्या. तिच्यात औषध ५० मायक्रोग्रॅम आणि गोळीचं वजन समजा १०० मिलिग्रॅम. म्हणजे दोन हजार भागांत औषध एकच भाग! ते कमी पडलं तर थकवा जात नाही, जास्त झालं तर छाती धडधडते. मग खूप वेळ ढवळावं, असं वाटेल. पण चिवड्याचा डबा हलवत नेला, की मीठमसाला तळाशी बसतो ना? भुकटीचंही तसंच. म्हणून औषध आधी थोड्या भुकटीत मिसळायचं, मग टप्प्याटप्प्यानं वाढवत न्यायचं आणि ठरल्या वेळी यंत्र थांबवायचं.

पूर्वी एका कारखान्यात असताना एका बॅचमध्ये वरच्या आणि तळाच्या भुकटीचे नमुने जुळेनात. माल पाठवायची तारीख तोंडावर आलेली. वरिष्ठ म्हणाले, "गोळ्या पाडा. तपासणीत उतरल्या की झालं." मी सही केली नाही. कारण साधं आहे. मात्रेच्या तपासणीत पहिल्या फेरीला दहा गोळ्या घेतात आणि त्या विरघळवल्या की संपल्या. रुग्ण गिळतो ती गोळी कुणीच तपासलेली नसते. तिची हमी फक्त ती बनवण्याच्या पद्धतीत असते. चार दिवस बोलणी खाल्ली. शेवटी बॅच नष्ट झाली.

मुंबईत १९८६ साली जे.जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीननं चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं त्याची चौकशी केली. ढिलाईची किंमत कोण मोजतं, ते त्यातून कळतं.

तरुण मित्रांनो, रासायनिक अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्र, दोन्ही वाटांनी इथे येता येतं. १९३३ साली सुरू झालेल्या, पूर्वी 'यूडीसीटी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माटुंग्याच्या संस्थेत दोन्ही विषय शिकवतात. कामात रात्रपाळ्या आहेत, नोंदींची भेंडोळी आहेत. पण घाई चाललेली असताना "थांबा" म्हणायची तयारी असेल, तर जरूर या.