फड आणि मतपेटी : गोपीनाथ मुंडे यांच्या सात निवडणुका

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आजचा विषय गोपीनाथराव मुंडे यांच्या विधानसभेच्या निवडणुका असा आहे. आपल्या बीड जिल्ह्यात या विषयावर प्रत्येकाकडे सांगण्यासारखे काही ना काही असते. परळीकडे नुसते ‘साहेब’ म्हटले तरी कोणाबद्दल बोलणे चालले आहे ते कळते. त्यामुळे आठवणी आणि किस्से मी आज बाजूला ठेवणार आहे. मला त्यांच्या निवडणुका कॅलेंडर समोर धरून पाहायच्या आहेत. कोणती निवडणूक कोणत्या महिन्यात झाली आणि त्या महिन्यात त्यांचा मतदार कुठे होता, एवढेच विचारायचे आहे.

आधी मोजका तपशील. १२ डिसेंबर १९४९ रोजी परळी तालुक्यातल्या नाथ्रा गावी, शेतकरी वंजारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अंबाजोगाईला कॉलेजात असताना प्रमोद महाजन भेटले आणि तिथून संघ, विद्यार्थी परिषद, जनसंघ अशी वाट सुरू झाली. आणीबाणीत तुरुंगवास झाला. १९७८ पासून २००४ पर्यंत ते विधानसभेच्या सात निवडणुका लढले. सातही रेणापूरमधून. पाच जिंकल्या, दोन हरले. रेणापूर हे गाव आज लातूर जिल्ह्यात आहे, पण तो जुना मतदारसंघ परळीच्या खेड्यांपर्यंत पसरलेला होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो नकाशावरून गेला. परळी स्वतंत्र झाली आणि रेणापूर तालुका लातूर ग्रामीणमध्ये गेला.

आता महिने पाहा. १९७८ ची निवडणूक फेब्रुवारीत झाली, पराभव. १९८० ची मेमध्ये, विजय. १९८५ ची मार्चमध्ये, पुन्हा पराभव; काँग्रेसचे पंडितराव दौंड निवडून आले. १९९० आणि १९९५ या दोन्ही फेब्रुवारीत, दोन्ही वेळा विजय. १९९९ ची सप्टेंबरात आणि २००४ ची ऑक्टोबरात, तिथेही विजय.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या माणसाला या महिन्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हलतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, नगर, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून फडात उतरतात. पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तो मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे फेब्रुवारीच्या निवडणुकीत मतदार यादीत नाव गावाकडे असते आणि माणूस दोनशे-तीनशे किलोमीटरवर फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहत असतो. मेमध्ये मात्र सगळे घरी असतात. लग्ने लागतात, घरे शाकारली जातात.

यावरून मुंडे १९८० मध्ये मजूर घरी होते म्हणून जिंकले आणि १९८५ मध्ये फडात होते म्हणून हरले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर १९९० आणि १९९५ चा हिशेब लागत नाही. १९८५ ला इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट ओसरलेली नव्हती, काँग्रेसने २८८ पैकी १६१ जागा मिळवल्या होत्या आणि भारतीय जनता पक्षाला सोळाच मिळाल्या होत्या. त्या लाटेत एक तरुण आमदार वाहून गेला, यात नवल नाही. १९८० चे यश मला अधिक विचार करण्यासारखे वाटते. पक्ष स्थापन झाला ६ एप्रिलला, मतदान मेअखेरीस. चिन्ह नवे, नाव नवे. राज्यभरात त्या पक्षाचे चौदा आमदार आले आणि त्यात तीस वर्षांचे मुंडे होते.

आपल्या जिल्ह्याची सवयही लक्षात घ्या. बीडने १९६७ मध्ये साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून दिल्लीला पाठवले. १९७७ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. पुढच्या काळात केशरकाकू क्षीरसागर काँग्रेसकडून तीनदा गेल्या, १९८९ मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे गेले. ढाकणे हे ऊसतोड मजुरांचे जुने पुढारी. इथल्या मतदाराने झेंड्यापेक्षा माणूस पाहिला आहे, आणि कष्टकऱ्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस त्याला नेहमीच जवळचा वाटला आहे. मुंडे यांची जागा या ओळीत आहे. त्यांचा पक्ष तेव्हा शहरी, व्यापारी आणि ब्राह्मणी समजला जाई. पक्षाचे संघटक वसंतराव भागवतांनी माळी, धनगर, वंजारी समाजांकडे पक्षाची दारे उघडली हे खरे. पण त्या दारातून गावच्या गावे आत आणण्याचे काम मराठवाड्यात मुंडे यांनी केले.

१९८५ नंतरची पाच वर्षे माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची. सभागृह नाही. ज्याचा मतदार वर्षातले पाच-सहा महिने मतदारसंघात नसतो, त्या पुढाऱ्याला मतदारसंघात बसून राहणे परवडत नाही. त्याला मजुरांच्या मागे कारखान्याच्या दारात जावे लागते. साखर संघाबरोबर तोडणीच्या दराचा करार, मुकादमाचे कमिशन, वाहतुकीचे भाव हे प्रश्न रेणापुरात सुटत नाहीत. ते पुण्या-मुंबईत, साखर कारखानदारांच्या समोर बसून सुटतात. म्हणून ऊसतोड मजुरांची बाजू घेणारा आमदार आपोआप राज्याच्या पातळीवर जातो. पुढे दरवाढीच्या लवादात मजुरांच्या बाजूने मुंडे बसू लागले, तेव्हा समोर पश्चिम महाराष्ट्रातले साखरसम्राट असत. विधानसभेतला त्यांचा शरद पवारांशी चाललेला झगडाही याच मातीतून आला असे मला वाटते. तो नुसता दोन पक्षांचा नव्हता, कोयता देणाऱ्या आणि कोयता घेणाऱ्या दोन प्रदेशांचाही होता.

१९९० ला शिवसेना-भाजप युतीच्या बळावर ते परत आले. विरोधी बाकांवर शिवसेना ५२ आणि भाजप ४२ अशी मांडणी होती. डिसेंबर १९९१ मध्ये छगन भुजबळांनी सेना फोडली, सेनेचे बळ घटले आणि विरोधी पक्षनेतेपद मुंडे यांच्याकडे आले. बेचाळिसावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. पुढची तीन वर्षे त्यांनी सभागृह आणि रस्ता एकत्र चालवला. गुन्हेगारी आणि राजकारण यांचे संबंध, एन्रॉन कंपनीचा वीज करार हे विषय त्यांनी गावोगावच्या सभांत नेले. वीज करारासारखा किचकट मामला पारावर बसलेल्या माणसाला समजेल अशा भाषेत मांडणे ही त्यांची खरी ताकद होती. १९९५ ला सेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ आले, अपक्षांच्या मदतीने सरकार बनले, मनोहर जोशी मुख्यमंत्री आणि मुंडे उपमुख्यमंत्री झाले, गृहखाते त्यांच्याकडे.

सत्तेतली साडेचार वर्षे मी त्यांच्या विरोधी बाकावरच्या वर्षांइतकी वर ठेवू शकत नाही. एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा त्यांनी केली होती. सत्तेवर येताच त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने अहवाल दिला, ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला आणि काही महिन्यांतच नव्या अटींवर तोच प्रकल्प पुन्हा मान्य झाला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे गेली. गृहमंत्री मुंडे होते. ज्या नेत्याने गरिबांच्या बळावर राजकारण उभे केले, त्याच्या खात्याच्या बंदुकीने गरीब वस्तीत माणसे मारली, हे या जिल्ह्यातल्या माणसांनीही विसरता कामा नये. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मकोका कायदा १९९९ मध्ये त्यांच्याच काळात आला. तो अजून चालू आहे.

१९९९ मध्ये विधानसभा मुदतीआधी विसर्जित करून लोकसभेबरोबर निवडणूक घेतली गेली. सत्ता गेली, रेणापूर राहिले. २००४ ला पुन्हा रेणापूर. २००९ मध्ये मतदारसंघच उरला नाही, तेव्हा ते बीडमधून लोकसभेला उभे राहिले आणि जिंकले. परळीची विधानसभा कन्या पंकजाताईंकडे आली आणि पुतणे धनंजय यांच्याशी फाटाफूट सुरू झाली. २६ मे २०१४ रोजी ग्रामविकास मंत्री म्हणून शपथ आणि ३ जूनला दिल्लीच्या रस्त्यावर अपघाती मृत्यू. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या दुसऱ्या कन्या प्रीतमताई ६ लाख ९६ हजार ३२१ मतांच्या फरकाने निवडून आल्या. ती मते कोणत्या भावनेने पडली ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

आता पुन्हा फडाकडे येतो. फेब्रुवारीतल्या मतदानाला मजूर कसा येतो ते नीट पाहा. पहाटे तीन-चारला उठून थंडीत ऊस तोडायचा, बुडाला घाव, शेंडा उडवायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. हे रोजचे. मतदानाला गावी यायचे म्हटले की मुकादमाला विचारावे लागते. खाडा पडतो, त्याचे पैसे उचलीवर चढतात. जाण्यायेण्यात दोन रात्री जातात. लेकरे कोपीवर कोणाच्या भरवशावर ठेवायची हा बाईपुढचा प्रश्न वेगळाच. म्हणून उमेदवार गाड्या पाठवतो. आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार मतदारांना फुकट वाहनाने मतदान केंद्रावर नेणे हा भ्रष्ट आचार आहे. म्हणजे गाडी पाठवली तर कायदा मोडतो, नाही पाठवली तर मजुराचे मत बुडते. सैनिकाला टपाली मतदान आहे, निवडणुकीच्या कामावरच्या शिक्षकाला आहे. ऊसतोड मजुराला नाही.

मुंडे यांच्यावरची माझी तक्रार इथे आहे, आणि ती आपलेपणाची आहे. त्यांनी दर वाढवून घेतले, मजुराला साखरसम्राटासमोर मान वर करून बसायला शिकवले, परळीला वैद्यनाथ साखर कारखाना उभा केला. पण मजुराला दर हिवाळ्यात गाव सोडावे लागू नये, किंवा सोडले तरी त्याचे मत आणि त्याच्या बायकोची तब्येत शाबूत राहावी, यासाठीचा कायदा त्यांच्या सत्ताकाळात झाला नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आपल्या जिल्ह्यातल्या तेरा हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचे आले. खाडा परवडत नाही म्हणून पाळी नको, आणि पाळी नको म्हणून पिशवीच नको, असा हिशेब त्यामागे अनेकींनी सांगितला. मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ त्यांच्या पश्चात आले.

निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरित मतदारांसाठी एका दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना मांडली होती. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल असे ते यंत्र. जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांना ते दाखवण्यासाठी बोलावले, शंका निघाल्या आणि विषय थांबला. त्यानंतर विधानसभेची निवडणूक आली २० नोव्हेंबर २०२४ रोजी; गाळप हंगामाला परवानगी होती १५ नोव्हेंबरपासून. पाच दिवसांचे अंतर. साखर आयुक्तालयाकडे प्रत्येक कारखान्याच्या गाळपाचा हिशेब असतो, कारखान्याच्या शेतकी विभागाकडे प्रत्येक टोळीची नोंद असते. कोणत्या गटात कोणत्या गावचे किती कोयते आहेत हे मुकादमाच्या वहीत लिहिलेले असते. या नोंदी निवडणूक यंत्रणेकडे देऊन कारखान्याच्या आवारात मतदान केंद्र मागण्याचा ठराव बीड जिल्हा परिषदेने करावा, आणि जिल्ह्यातल्या सहाही आमदारांनी तो पक्ष विसरून विधानसभेत मांडावा, ही मागणी मी या व्यासपीठावरून करतो. तुमच्यापैकी जे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आहेत त्यांनी पुढच्या ग्रामसभेत, टोळ्या हलायच्या आत, हा विषय घ्यावा.