आधीं आवाज, मग चेहरा

नभोवाणीवरून गायकाचा आवाज घरोघर पोंचतो. चेहरा पोंचत नाहीं. ऐकणारा आपल्या मनानेंच त्या आवाजाला एक रूप देतो. हें कल्पिलेलें रूप आणि खरा गायक यांची गांठ पडली म्हणजे काय होतें, याची परीक्षा अमेरिकेंत १९६६ सालीं चार्ली प्राइड यांच्या पहिल्या गीतसंग्रहाच्या वेळीं झाली.

प्राइड यांचा जन्म १९३४ सालीं मिसिसिपींतील स्लेज या गांवीं एका कृष्णवर्णीय कुटुंबांत झाला. आईबाप दुसऱ्याच्या जमिनींत वांट्यानें कापूस पिकवीत. घरांत मुलें अकरा. वडील रेडिओवर नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम लावीत. त्यांतील ‘कंट्री’ संगीत म्हणजे दक्षिणेकडील खेड्यापाड्यांचें गाणें. गिटार, व्हायोलिन व बँजो यांच्या साथीनें सांगितलेलीं साधीं सुखदुःखें. हें संगीत गोऱ्यांचें, असा समज रूढ होता. वस्तुतः बँजोचें मूळ आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वाद्यांत आहे. आणि ऑप्रीच्या आरंभींच्या लोकप्रिय वादकांपैकीं माउथ ऑर्गन वाजविणारा डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीयच होता. परंतु रूढ समजाला पुराव्याची पर्वा नसते.

प्राइड प्रथम बेसबॉल खेळले, नंतर माँटाना येथें धातु गाळण्याच्या कारखान्यांत राबले व फावल्या वेळीं गात राहिले. १९६५ सालीं जॅक क्लेमेंट यांनीं त्यांचीं गाणीं ध्वनिमुद्रित केलीं आणि चेट अॅटकिन्स यांच्या पुढाकारानें आर. सी. ए. कंपनीनें त्यांना करारबद्ध केलें. वर्णभेदाविरुद्धचा नागरी हक्कांचा कायदा १९६४ सालींच झाला होता. पण कायदा बदलला म्हणून मनें लगेच बदलत नाहींत. म्हणून १९६६ च्या आरंभीं पहिली तबकडी रेडिओ केंद्रांकडे गेली, ती गायकाच्या छायाचित्रावांचून. नांवामागें ‘कंट्री’ हें बिरुद मात्र लावलेलें होतें.

त्याच वर्षीं ‘कंट्री चार्ली प्राइड’ हा संग्रह निघाला, आणि त्याच्या वेष्टनावर गायकाचा चेहरा छापलेला होता! आंतील बरींचशीं गाणीं इतरांनीं आधींच लोकप्रिय केलेलीं होतीं. त्यामुळें ऐकणाऱ्याला पळवाट उरली नाहीं. गाणें ओळखीचें, आवाज आवडलेला. अनोळखी काय तो चेहराच. त्या सुमारास डेट्रॉइटच्या एका मोठ्या जलशांत प्राइड रंगमंचावर येतांच टाळ्या एकाएकीं थांबल्या. त्यांनीं स्वतःच्या वर्णावर एक हलकासा विनोद केला, सभा हंसली, आणि मग ती गाण्यानें जिंकली.

पुढें १९७१ सालीं कंट्री संगीताच्या संघटनेनें त्यांना त्या वर्षाचा श्रेष्ठ रंजक म्हणून गौरविलें. परंतु एकाला उघडलेलें दार सर्वांना उघडलें नाहीं. १९८३ सालीं प्राइड यांचें गाणें लोकप्रियतेच्या यादींत अग्रस्थानीं होतें. त्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय एकल गायकाला, डेरियस रकर यांना, तें स्थान मिळण्यास २००८ साल उजाडावें लागलें.

प्राइड २०२० सालीं निवर्तले. छायाचित्र न पाठविणें ही व्यवहाराची चतुराई होती खरी. पण तिची गरज पडावी, हें वैगुण्य गायकाचें नव्हतें, ऐकणाऱ्यांचें होतें. पहिल्या संग्रहाच्या वेष्टनानें तो चेहरा दाखविला, आणि मग उत्तर द्यावयाचें राहिलें तें श्रोत्यांनीं.