‘गोळी गरम पडली’ म्हणजे नेमकं काय?



मी औषधशास्त्र शिकवतो. आज आपल्यातल्या कितीतरी जणांच्या खिशात बीपीची नाही तर शुगरची गोळी आहे, म्हणून त्याच विषयावर चार शब्द बोलतो.

आपल्या खुलताबादेत औषधाने काहीही झालं, की ‘गरम पडलं’ किंवा ‘रिॲक्शन आली’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण प्रत्येक त्रासाची जात वेगळी असते आणि उपायही वेगळा. १९७७ साली रॉलिन्स आणि थॉम्पसन यांनी या त्रासांचे दोन मुख्य गट केले.

पहिला ‘ए’. यात औषधाच्या मूळ कामाचाच अतिरेक होतो. ग्लिमेपिराइड साखर उतरवते. एकादशी असो की रोजा, पोट रिकामं असेल तर ती नको इतकी उतरवते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्या. भद्रा मारुतीला रात्रभर पायी येणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. असा त्रास बहुधा डोसवर अवलंबून असतो. डॉक्टर डोस किंवा वेळ बदलून तो आटोक्यात आणतात.

दुसरा ‘बी’. हा अनपेक्षित असतो आणि थोड्या डोसनेही होऊ शकतो. पेनिसिलिनने एखाद्याचा श्वास कोंडतो. सल्फाच्या किंवा फिटच्या कार्बामाझेपीन गोळीने क्वचित अंगावर फोड येतात, तोंड सोलून निघतं. इथे वाट पाहायची नाही. गोळी थांबवा आणि दवाखाना गाठा.

पुढे यात आणखी गट आले. स्टेरॉइड वर्षानुवर्षं घेतल्याने हाडं ठिसूळ होतात, तो ‘सी’. औषध अचानक सोडल्याने होतो तो ‘ई’. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ॲटेनोलॉल एकदम बंद केली, तर हृदयविकार असलेल्याच्या छातीत कळ येऊ शकते.

हे वर्गीकरण फक्त परीक्षेपुरतं नाही. मेटफॉर्मिनने जुलाब झाले आणि आपण ‘ॲलर्जी’ म्हणून सांगत सुटलो, तर एक चांगलं औषध हातचं जातं. उलट खरी ॲलर्जी ‘गरम पडलं’ म्हणून विसरलो, तर पुढच्या वेळी जिवावर बेतू शकतं.

म्हणून एक चिठ्ठी पाकिटात ठेवा. त्यावर औषधाचं नाव लिहा, ‘पांढरी गोळी’ नव्हे. कधी घेतली, किती वेळाने काय झालं, थांबवल्यावर त्रास गेला का, हेही लिहा. डॉक्टरांना पहिल्यांदा हेच हवं असतं.

अशा त्रासांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या देशात २०१० पासून चालू आहे. त्याचं केंद्र गाझियाबादला आहे. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. एकाची तक्रार किरकोळ वाटते, पण अनेक ठिकाणांहून तशाच तक्रारी आल्या की औषधाचा धोका ध्यानात येतो.

घरी गेल्यावर आई-वडिलांच्या गोळ्यांच्या डब्यातही अशी एक चिठ्ठी ठेवा, एवढीच विनंती.