टक्क्यांत न सापडणारी उचलेगिरी



शोधनिबंधांतलं वाङ्मयचौर्य हा विषय जाहीर व्याख्यानाला जरा कोरडा वाटेल. पण या निबंधांच्या भरवशावर प्राध्यापकांच्या नेमणुका होतात, बढत्या होतात आणि तेच प्राध्यापक आपल्या मुलांना शिकवतात. तेव्हा हा प्रश्न फक्त विद्यापीठवाल्यांचा नाही.

२००२ सालचं एक गाजलेलं प्रकरण सांगतो. कुमाऊँ विद्यापीठाच्या तेव्हाच्या कुलगुरूंचं नाव असलेला भौतिकशास्त्राचा एक निबंध छापून आला. स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलोश यांच्या १९९६च्या निबंधातून तो उचलला असल्याचा बोभाटा झाला. स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपती अब्दुल कलामांना पत्र लिहिलं. चौकशी झाली आणि २००३मध्ये कुलगुरूंना खुर्ची सोडावी लागली. उचलेगिरीची तक्रार राष्ट्रपतींकडे न्यावी लागली, यातच सगळं आलं. खाली दाद मागायला धड जागाच नव्हती.

ती जागा कागदावर यायला २०१८ उजाडलं. त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, नियम केले. लिखाणाचं आधीच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६०च्या वर अशा तीन पायऱ्या. प्रबंध ६० टक्क्यांवर गेला तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. निबंध छापणाऱ्या प्राध्यापकाचं साम्य तितकं निघालं, तर निबंध मागे घ्यायचा, दोन वेतनवाढी बंद आणि तीन वर्षं नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. नियम आले हे चांगलंच झालं. पण त्यांच्यामुळे एक भलतीच समजूत रुजली: साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या रिपोर्टात आकडा दहाच्या आत आला की लेखक सुटला!

समजा, संपादकाच्या टेबलावर दोन रिपोर्ट आहेत. पहिल्यात साम्य ९ टक्के. उघडून बघा: साम्य दाखवणारा सगळा रंग एकाच परिच्छेदावर चढलाय आणि तो परिच्छेद निष्कर्षाचा आहे. म्हणजे निबंधाचा जीवच दुसऱ्याचा. दुसऱ्यात साम्य २२ टक्के. पण रंग पानोपानी तुटक सांडलेला आहे. मातीचा नमुना कसा वाळवला, कसा चाळला, असल्या ठरीव वाक्यांवर. आकड्यावर गेलात तर पहिला छापाल आणि दुसरा परत पाठवाल. सॉफ्टवेअर साम्य दाखवतं. चोरी झाली की नाही, हे माणसानेच वाचून ठरवायचं असतं.

आणि आकडा खाली आणण्याच्या युक्त्या काय कमी आहेत? शब्द बदलून देणारी यंत्रं निघाली. त्यांच्या करामतीने 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालं आणि तसंच छापूनही आलं! २०२१मध्ये संगणकशास्त्रज्ञ गिओम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे नमुने चव्हाट्यावर आणले. आपल्याकडे तर याहून सोपी वाट आहे. इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण उचलायचं, मराठीत उतरवायचं आणि खाली स्वतःचं नाव घालायचं. अक्षरं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही लागत नाही. ते मूळ पुस्तक वाचलेला परीक्षकच ही चोरी पकडतो. म्हणून मराठी नियतकालिकांनी परीक्षक ओळखीपाळखीचा न निवडता त्या विषयात मुरलेला निवडला पाहिजे.

चोरी सापडली तर पुढे काय? संपादकांना सल्ला देणारी 'कोप' ही संस्था १९९७पासून काम करते. तिची रीत सरळ आहे. आधी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पुरावा तयार करा. मग तो लेखकाला पाठवून खुलासा मागा. नवखा विद्यार्थी अवतरणचिन्हं विसरला असेल, तर त्याला समज देऊन सुधारून घ्या. मुद्दाम केलेलं दिसलं, तर निबंध नाकारा आणि गरज पडली तर त्याच्या संस्थेला कळवा. निबंध छापून झाला असेल, तर तो जाहीरपणे मागे घ्या आणि कारणही छापा. आपल्याकडे गाडी अडते ती नेमकी इथे. 'जाऊ द्या, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे,' असं कुणीतरी म्हणतं आणि निबंध गुपचूप वेबसाइटवरून नाहीसा होतो. ज्याने तोवर तो वाचून आपल्या प्रबंधात संदर्भ दिला, त्याला काहीच कळत नाही आणि ज्याची मेहनत लुबाडली गेली, त्याच्या पदरीही काही पडत नाही.

या रोगाचं मूळ मात्र सक्तीत आहे. 'निबंध छापा, नाहीतर पुढे सरकू नका' म्हटलं, की निबंधांचा बाजार भरणारच. प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे, ही अट यूजीसीने २०२२मध्ये काढली, हे शहाणपणाचं झालं. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधननीतीचा अभ्यासक्रमही सक्तीचा झाला आहे. पण वर्गात नीती शिकायची आणि गाईडने मात्र न वाचता सही ठोकायची, याने काय साधणार?

म्हणून इथे बसलेल्या गाईड मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. विद्यार्थ्याच्या निबंधावर आपलं नाव घालण्याआधी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तेवढा वेळ नसेल, तर नाव घालू नका.