बाळ रडलं नाही तर

पदवी हातात पडेपर्यंत माझं ऐकून घेणं भाग असलेल्या नर्सिंगच्या मुलामुलींनो,

दीक्षान्त समारंभात आकाशाला गवसणी घालायला सांगण्याची प्रथा आहे. मी आज हातात मावणाऱ्या एका बॅगेबद्दल बोलणार आहे.

१०० बाळं जन्मली तर साधारण ८५ आपणहून रडतात. आणखी १० पुसून कोरडी केली, पाठ चोळली की श्वास घेतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांना एवढंच हवं असतं, की कुणीतरी पहिल्या मिनिटात त्यांच्या फुफ्फुसात हवा ढकलावी. छाती दाबणं, औषधं वगैरे १०० मधल्या एखाद्याच्याही वाट्याला येत नाहीत.

ही हवा कशानं ढकलायची, यावर आपल्याच महाराष्ट्रात मोलाचं काम झालंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं घरच्या बाळंतपणात हा प्रश्न हाताळला. आधी दाया बाळाच्या तोंडात तोंडानं फुंकत. १९९६ पासून गावातल्याच आरोग्यदूत बायकांच्या हाती ट्यूब-मास्क आला: बाळाच्या नाकातोंडावर मास्क, त्याला नळी, नळीतून फुंकर. १९९९ मध्ये त्याची जागा हातानं दाबायच्या बॅगेनं घेतली. गंभीर गुदमरलेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण १९९५-९६ मध्ये ३९ टक्के होतं, ते पुढच्या वर्षांत २० टक्क्यांवर आलं. एक मृत्यू टाळायला बॅग-मास्कचा खर्च आला १३ डॉलर. या बायकांकडे नर्सिंगची पदवी नव्हती, हे आजच्या दिवशी मुद्दाम सांगते.

मास्क दिसतो तितका सोपा मात्र नाही. आधी हनुवटीवर टेकवायचा, मग तोंड आणि नाक झाकायचं, डोळ्यांवर येऊ द्यायचा नाही. अंगठा आणि तर्जनी वरून, बाकीच्या बोटांनी जबडा उचललेला. मान पुढं झुकली किंवा फार मागे गेली, की अडलंच. बॅग दाबली जाते, कडेनं हवा फुसफुसते, छाती ढिम्म हलत नाही. नवखा माणूस घाबरून आणखी जोरात दाबतो. खरं तर आधी मास्क पुन्हा बसवायचा, मान नीट करायची, तोंडात स्राव असेल तर काढायचा, तोंड किंचित उघडायचं. दाब वाढवणं त्यानंतर.

या गळतीवर तोडगा म्हणून लॅरिंजियल मास्ककडे पाहिलं गेलं. १९८१ च्या सुमारास लंडनमध्ये डॉ. आर्ची ब्रेन यांनी तो भुलीसाठी तयार केला. टाळूला धरून आत सरकवला की स्वरयंत्राच्या तोंडाशी जाऊन बसतो. घशात बघायचा लॅरिंगोस्कोप लागत नाही, चेहऱ्यावर मास्क दाबून धरावा लागत नाही. नवजात बाळासाठी १ नंबरचा येतो. २ किलोच्या आतल्या बाळाला मात्र तो मोठा पडतो. युगांडात, कंपालाच्या मुलागो रुग्णालयात, एका छोट्या अभ्यासात बाळं साध्या मास्कपेक्षा यानं लवकर श्वास घेऊ लागली, म्हणून तिथंच मोठा अभ्यास झाला. बाळं ११५४. उपकरण हाताळणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, सुईणी होत्या. निकाल २०२० मध्ये छापून आला. पहिल्या आठवड्यात मृत्यू किंवा मेंदूला मध्यम ते गंभीर इजा, असं लॅरिंजियल मास्कच्या गटात २७.४ टक्के बाळांच्या बाबतीत घडलं, साध्या मास्कच्या गटात २४.४ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशेबानं हा फरक लक्षणीय नव्हता.

मला हा निकाल निराशेचा वाटत नाही. सुईण हे उपकरण सुरक्षितपणे घालू शकते, हे त्यातून कळलं. मास्क पुन्हा बसवून, मान नीट करून, दाब वाढवूनही साध्या मास्कनं छाती हलत नसेल, तेव्हा ते हाताशी असावंच. पण नवीन आलंय म्हणून लॅरिंजियल मास्कची खरेदी आधी, आणि साधा ० नंबरचा मास्क कपाटात नाही, हा उफराटा कारभार मला मान्य नाही. शिवाय बाळंतीण तासन्‌तास अडली असेल, तर बाळाचा प्राणवायू पोटातच कमी पडलेला असतो. ते नुकसान जन्मानंतर कुठलीच बॅग पूर्ण भरून काढत नाही. वेळच्या वेळी बाळाचे ठोके मोजणं आणि पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीची प्रगती नोंदवायचा तक्ता, खरा भरणं, हेही याच कामात धरा. नंतर बसून भरलेला पार्टोग्राफ ओळखता येतो, बरं का.

तेव्हा जिथं रुजू व्हाल, तिथं पहिल्याच ड्युटीला लेबर रूममधली बॅग शोधा. कुलपात असेल तर बाहेर काढायला लावा. किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे आणि सिस्टर रजेवर, हे चालायचं नाही. मास्क तळहातावर घट्ट टेकवून बॅग दाबा: हाताला दाब जाणवला पाहिजे, आणखी दाबलं की प्रेशर व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज आला पाहिजे, सोडताक्षणी बॅग फुगली पाहिजे. ० आणि १, दोन्ही नंबरचे मास्क आहेत का बघा. ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा म्हणून थांबू नका, पूर्ण दिवसांच्या बाळाला साध्या हवेनंच सुरुवात करायची असते. यातलं काही नसेल तर मागणी लेखी करा, पोच घ्या, आणि वस्तू येईपर्यंत दर आठवड्याला विचारत राहा.